पट्टी कुठलीही येऊ दे: पेटी-तबल्याच्या साथीला बसणाऱ्यांसाठी

नवी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही कोणाचे?" दुसरा, "ऐकता कोणाचं?" आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, "साथीवर घर चालतं का हो?" तिसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नुसत्या मैफलींवर चालत नाही. शिकवण्या घ्याव्या लागतात, कथकच्या क्लासला लेहरा (ताल दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी एकच सुरावट) धरावा लागतो, भजनाचे आणि नाट्यगीतांचे कार्यक्रम नाक न मुरडता घ्यावे लागतात. दिवाळी पहाटेच्या चार दिवसांत थोडीफार बेगमी होते. हे कबूल असेल तर पुढे वाचा.

उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं आम्ही दोघं मिळून देतो. मी पेटीवाला, माझा मित्र तबल्याचा. गायकाच्या दोन बाजूंना बसतो आणि पुण्यात बहुतेक कार्यक्रमांना एकाच रिक्षातून जातो, त्यामुळे एकमेकांचे गुणदोष पाठ आहेत.

मी सावंतवाडीकडचा. घरात गाणं नाही, पेटी नाही. पेटी पहिल्यांदा कानावर पडली ती दशावतारात. देवळापुढे नाटक उभं राहायचं, एका बाजूला बाकड्यावर पेटी, पखवाज आणि झांज. संहिता लिहिलेली नसते, संवाद तिथल्या तिथे रचायचे, आणि पद कुठल्या पट्टीत, म्हणजे कुठल्या सुराला सा मानून, येणार हे त्या त्या पात्राच्या घशावर. राजा काळी दोनमध्ये (म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून) गाऊन जायचा, राक्षस त्याच्या खालून उचलायचा, स्त्रीपार्टी तिसरीच पट्टी धरून यायची. पेटीवाला एक सूर चाचपायचा आणि दुसऱ्या ओळीला त्यात मिसळलेला असायचा. त्या वयात यात काही विशेष आहे असं वाटलंच नाही. ते किती अवघड होतं हे फार उशिरा कळलं.

मित्र फोंडा तालुक्यातला. चवथीच्या आरत्यांना घुमट (मातीचं, चामडं ताणलेलं वाद्य), मग भजनाला तबला, आणि वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड चालणाऱ्या भजनात आपली पाळी आली की बसायचं. त्याचा हात तिथे घडला. गोव्याचा अभिमान निघाला की तो दोन नावं घेणार: नागेशीचे तबलावादक पंढरीनाथ नागेशकर आणि लयीचे बादशहा खाप्रूमामा पर्वतकर. मामा हातापायांवर वेगवेगळे ताल धरायचे हे सांगताना तो स्वतः प्रयत्न करून दाखवतो, आणि दर वेळी फसतो.

आवडीनिवडींवरून आमची भांडणं होतात. माझ्या लेखी गायक भास्करबुवा बखल्यांना साथ करणाऱ्या गोविंदराव टेंब्यांपासून पेटीची गोष्ट सुरू होते, पण रोज ऐकायला मला गोविंदराव पटवर्धन लागतात. त्यांच्या हातून नाट्यपद वाजतं तेव्हा शब्द ऐकू येतात. मित्राला अप्पा जळगावकर जास्त आवडतात. तो म्हणतो, अप्पा गायकाला जागा सोडतात, तुझे गोविंदराव भरून टाकतात. मी म्हणतो, नीट ऐक. बोरीच्या तुळशीदास बोरकरांवर मात्र दोघांचं एकमत, त्याचं गोव्यामुळे, माझं त्यांच्या बोटांमुळे.

यात एक गोष्ट विसरू नका. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. सूर आधीच ठरलेले, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) सांभाळता येत नाहीत, असे आक्षेप होते. अप्पांचा जन्म १९२२ चा, बोरकरांचा १९३४ चा. म्हणजे ऐन उमेदीच्या वर्षांत रेडिओचं दार बंद. ही माणसं मैफलीत आणि नाटकात वाजवून मोठी झाली, जिथे समोर कोण बसणार आणि कुठला सा लावणार हे आपल्या हातात नसतं.

तबल्यात मित्राचं दैवत अहमदजान थिरकवा. पेशकार-कायद्यांसाठी (एकट्या तबल्याच्या बांधलेल्या रचनांसाठी) तर आहेच, पण त्याचं प्रेम निराळ्या कारणानं. एवढा मोठा स्वतंत्र वादक गंधर्व नाटक मंडळीत बसून बालगंधर्वांच्या पदांना ठेका धरायचा. साधा ठेका. त्या जुन्या ध्वनिमुद्रिका तो नव्या मुलांना ऐकवतो आणि विचारतो, "यात तबला कुठे दिसला?" मुलं गोंधळतात. दुसरं नाव वसंतराव आचरेकर, कुमार गंधर्वांबरोबरचे.

आता मुद्द्यावर येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच बहुतेक जण अडकतात. मीही अडकलो.

क्लासमध्ये पेटी एका पट्टीत शिकवली जाते. पांढरी एक किंवा काळी एक. अलंकार त्यात, राग त्यात, परीक्षा त्यात. विशारदपर्यंत हात असा तयार होतो की काळी एकचा यमन झोपेतही वाजेल. मग पहिली बरी पेटी घ्यायची वेळ येते आणि दुकानदार स्केल चेंजर दाखवतो. अख्खी पट्ट्यांची फळी बाजूला सरकते, खालचे रीड जागच्या जागी. बोटं काळी एकचीच ठेवायची, फळी सरकवायची, गायिकेची काळी चार तयार. पैसे जास्त, वजन जास्त, पण वाटतं की प्रश्न मिटला.

तो मिटत नाही, कसा ते सांगतो. पहिली गोष्ट, दर ठिकाणी तुमची पेटी नेता येत नाही. आयोजक म्हणतात "पेटी आहे आमच्याकडे", आणि तिथे साधी पेटी निघते. दुसरी गोष्ट याहून वाईट. काळी एकवाला गायक ख्याल संपवतो आणि ठुमरीला किंवा भैरवीला मध्यमाला सा धरतो, म्हणजे आपल्या आधीच्या म लाच सा मानून गातो. म्हणजे आता काळी तीन. सांगून धरेल असं नाही. दोन चिजांच्या मध्ये श्वास घेण्याएवढा वेळ असतो, त्यात फळी उचलून सरकवायला लागलात तर सगळं सभागृह तुमच्याकडे बघतं. आणि गाण्याच्या मधेच कुणी थोडा वेळ मध्यमाचा सा करून दाखवला तर फळीचा काही उपयोगच नाही.

माझ्या वाट्याला आला तो मारवा. संध्याकाळचा कार्यक्रम, साधी पेटी, गायिका पांढरी पाचची. आधी पूरिया कल्याण ठरला होता, त्याची तयारी मी घरी करून गेलो होतो. बसल्यावर त्यांनी मारवा लावला. काळी एकमध्ये मारवा माझ्या हातात चांगला होता. पांढरी पाचमध्ये तो असा पडतो: सा पांढरी पाच, कोमल रे काळी चार, गंधार पांढरी सात, तीव्र मध्यम वरची काळी एक, धैवत पांढरी तीन, निषाद काळी तीन. एक वर, एक खाली. त्यात मारव्याचा स्वभाव असा की पंचम नाही आणि सा वर कुणी मुक्काम करत नाही, म्हणजे चुकलात तर परत यायला घर नाही. पहिल्या दहा मिनिटांनंतर मी भाता नुसता हलता ठेवून सा आणि नी धरून बसलो. तबल्यावर हाच मित्र होता, तेव्हा नुसती तोंडओळख. त्यानं ठेका जरा भरला आणि माझी लाज झाकली. बाई काही बोलल्या नाहीत. छान हसून नमस्कार केला. पुढच्या कार्यक्रमाला पेटीवर दुसरं कुणी होतं. या क्षेत्रात कुणी रागावत नाही, फोन येणं बंद होतं, इतकंच.

तबल्याला तर स्केल चेंजर नसतोच. बारीक तोंडाचा तबला उंच सुरात चढतो, रुंद तोंडाचा खालच्या सुरात. काळी एकला साधारण सव्वापाच इंची लागतो, गायिकेच्या काळी चारला पावणेसहा-सहा इंची. नवा मुलगा एकच काळी एकचा तबला घेतो, कारण क्लासमध्ये तोच होता. मग काळी चारची गायिका आली की कुणीतरी त्याला सांगतं, चालवून घे, तो तिच्या मध्यमाला लागतो. हे खरं आहे. बागेश्री असेल, मालकंस असेल तर चालूनही जातं. पण तिनं यमन काढला तर? तिथे मध्यम तीव्र, आणि तुम्ही प्रत्येक 'ना' ला (तबल्याच्या काठावरच्या बोलाला) शुद्ध मध्यम ठणकावताय. भूपात तर मध्यमच नाही. हातोडीनं गजरा (पुडीच्या, म्हणजे वरच्या चामड्याच्या, काठाची वीण) ठोकून काळी एकचा तबला खाली उतरवायच्या भानगडीत पडू नका. पुडी सैल पडली की ना मरतो. मित्र दोन तबले पाठीवर वाहतो, कधी तीन, आणि पावसाळ्यात त्यांना कपड्यात गुंडाळून ठेवतो. पीएमपीच्या बसमध्ये कंडक्टरशी त्याची होणारी हुज्जत हा वेगळा विषय आहे.

घाबरवलं का? तर हेही ऐका. यातून बाहेर यायला वाटतं त्याहून कमी वेळ लागतो. बोटं सवयीची असतात, पण कान आधीच शिकलेला असतो. नवीन राग शिकायचा नाही, आहे तोच हलवायचा आहे.

भूपापासून सुरुवात करा, पाचच सूर. तो काळी तीनपासून वाजवून बघा. सगळा भूप काळ्या पट्ट्यांवर येतो, एकही पांढरी लागत नाही. मग यमन पांढरी चारपासून. सगळा पांढऱ्यांवर. या दोन गमती सापडल्या की मुलांची भीड चेपते, माझी तशीच चेपली. त्यानंतर गायिकांच्या पट्ट्या घ्या: काळी चार, पांढरी पाच, काळी पाच. रोज नवा राग नको. एक राग आठवडाभर, रोज पट्टी बदलून. नोटेशन लिहून घेऊ नका, लिहिलं की डोळा शिकतो. तानपुऱ्याचं ॲप याला उत्तम, त्याला नाक मुरडणाऱ्यांचं मला कळत नाही. सा बदलायचा आणि सुरू करायचं. स्केल चेंजर विकत घ्यायला हरकत नाही, माझ्याकडेही आहे, पण घरी फळीला हात लावायचा नाही असा नियम मी स्वतःला घातलाय.

तबलेवाल्यांना मित्राचा एकच आग्रह. विलंबित एकताल (संथ लयीतला बारा मात्रांचा ताल) अर्धा तास वाजवा, धिं धिं धागे तिरकिट तू ना, आणि मध्ये काहीही करू नका. तिरकिट भरताना लय पुढे सरकते, सगळ्यांची सरकते. रेकॉर्ड करून ऐका, कंटाळा येईल, येऊ द्या. कायदे पाठ असलेली शंभर मुलं मिळतात, विलंबित एकतालात गायकाला स्वस्थ ठेवणारा मुलगा मिळाला तर आम्ही त्याचा नंबर जपून ठेवतो.

गुरूंविषयी माझं मत थोडं वाकडं आहे, पटलं तर घ्या. जो गुरू तुम्हाला वाजवायला न देता दोन-तीन वर्षं तानपुऱ्यावर मागे बसवतो आणि स्वतःच्या कार्यक्रमांना घेऊन फिरतो, त्याच्याविषयी घरी तक्रार करू नका. मागे बसून गायकाचा श्वास दिसतो, समेच्या आधी खांदा कसा उचलला जातो ते दिसतं. हे समोरून दिसत नाही. जो गुरू "दुसऱ्यांचं ऐकू नकोस, हात बिघडेल" म्हणतो, त्याच्यापासून हळूच लांब व्हा. घराण्याचा अभिमान असावा, पण साथीदाराला किराणा, जयपूर, ग्वाल्हेर सगळ्यांशी संसार करायचा असतो. आणि जो पहिल्या महिन्यात मंचाचं आमिष दाखवतो, त्याला मंच भरायला माणसं हवी असतात.

घरात गाणं नव्हतं, आता उशीर झालाय, असं पुष्कळ जण विचारतात. आमच्या दोघांच्याही घरात नव्हतं. भजनात आणि दशावतारात वाजवलेलं "हलकं" म्हणून लपवू नका. मी पुण्यात आल्यावर ते लपवत होतो. मारव्यानंतरच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा त्या बाकड्याशेजारी जाऊन बसलो आणि पेटीवाल्या काकांना विचारलं, "तुमका पट्टी कशी गावता?" ते म्हणाले, "पट्टी खय शोधतलय, तो खय गाता ता आयक." (पट्टी कुठे शोधायची, तो कुठे गातोय ते ऐक.) मग त्यांनी माझा डावा हात भात्यावर ठेवला, उजवा उचलून बाजूला केला, आणि पुढचा अख्खा प्रवेश मला नुसता भाता मारायला लावला.

फोनवर कार्यक्रम ठरला की तीन गोष्टी विचारा, संकोच करू नका. गायकाची पट्टी कुठली, मध्यमाला काही गाणार का, आणि पेटी आयोजकांची असेल तर ती कधी ट्यून झाली होती. मानधनाचं तेव्हाच बोलून घ्या, कार्यक्रमानंतर पाकीट उघडून चेहरा पाडण्यापेक्षा ते बरं. आणि राग विचारलात तरी तो बदलणार असं धरूनच तयारी करा.