जुन्या गाडीने लांब जायचंय? निघण्याआधीची तयारी

निघायची तारीख ठरली की तिथून उलटं मोजायला लागा. चार आठवडे आधी तपासणी सुरू व्हावी, दोन आठवडे आधी सगळी दुरुस्ती उरकलेली असावी आणि शेवटच्या आठवड्यात हवा, पाणी, ऑइल सोडून कशालाच हात लावू नये. बारा-पंधरा वर्षं झालेल्या गाडीत नवा भाग बसवताना काही खोट राहिली, तर ती बहुधा पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्येच बाहेर पडते. कुठे क्लिप पुरती आवळलेली नसते, कुठे ऑइल सील तिरकं बसलेलं असतं, कुठे वायरिंगचा कपलर अर्धवटच लागलेला असतो. हे दोन-तीनशे किलोमीटर घराच्या आसपास चालवून झाले पाहिजेत. आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून पहाटे निघणं शहाणपणाचं वाटतं, पण जुन्या गाडीला तेच सर्वांत महाग पडतं.

‘गाडी फक्त साठ हजार चाललीय’ यावरही विसंबून राहू नका. लोखंड किलोमीटरने झिजतं, रबर आणि प्लॅस्टिक मात्र वर्षांनी कडक होतं, गाडी उभी असली तरी. म्हणून या यादीचा मोठा भाग रबराचा आहे: होस पाईप, पट्टे, टायर, बूट (सांध्यांवरची रबरी आवरणं), बुश (जोडांमधल्या रबरी गाद्या), ब्रेकच्या नळ्या.

सुरुवात कूलिंगपासून करा, कारण इथली छोटी चूक थेट इंजिनावर जाते. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि आत बघा. कुलंट स्वच्छ, रंगीत दिसला तर ठीक. तपकिरी, गंजट पाणी दिसलं तर आतून गंज धरलेला आहे, सिस्टिम फ्लश करायला हवी. फ्लश मात्र चार आठवडे आधीच करा. जुन्या रेडिएटरमध्ये कधीकधी गाळानेच बारीक भोक बुजलेलं असतं, गाळ निघाला की गळती सुरू होते, आणि ती घरी कळलेली बरी. नवा कुलंट भरताना अर्धा कुलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साधारण १०७ अंश सेल्सिअस असतो आणि एक बार दाबाचं झाकण नीट दाब धरत असेल तर तो १२५ च्या पुढे जातो. म्हणजे झाकणाचं रबर चिरलं असेल तर बाकी सगळं नवं असूनही चढावर पाणी उकळून बाहेर येईल. झाकण स्वस्त भाग आहे, न तपासता बदलून टाका. फक्त त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुन्या झाकणाशी जुळवून घ्या. दोन वेगळ्या जातींचे कुलंट एकत्र करू नका, काही मिश्रणांचा गाळ होतो.

आता होस. वरचा, खालचा आणि हीटरकडे जाणारे दोन्ही पाईप बोटांनी दाबून पाहा, विशेषतः क्लिपपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. चांगला होस दाबला की घट्ट लागतो आणि सोडला की पूर्ववत होतो. दाबताना करकर आवाज आला, भाग पिचपिचीत लागला किंवा क्लिपच्या कडेला फुगवटा दिसला तर तो आतून गेला आहे. दहा वर्षं झाली असतील तर चारही बदला, क्लिपांसकट. रेडिएटरच्या वरच्या किंवा बाजूच्या प्लॅस्टिक टाकीकडेही नीट लक्ष द्या. काळं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल आणि होस बसतो त्या तोंडाशी केसासारखी बारीक रेघ दिसत असेल, तर ते तोंड गरम असताना एक दिवस तुटणारच. त्यावर एम-सील लावून निघू नका. गळती बंद करणारी पावडरही टाकू नका, ती हीटरच्या बारीक नळ्या आधी बुजवते.

एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत माती, किडे, वाळलेली पानं साठतात. पुढून बघितलं तर दिसत नाहीत. कमी दाबाच्या पाण्याने इंजिनच्या बाजूकडून पुढे धुवा. जोरदार फवारा मारला तर पत्र्याच्या पाकळ्या वाकतात आणि हवा अडते. मग गाडी उभी ठेवून, एसी बंद करून, इंजिन चालू ठेवा. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेच्या किंचित वर गेला की पंखा सुरू व्हायला हवा आणि थोड्या वेळाने आपोआप थांबायला हवा. नाही झाला तर इंजिन बंद करून आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच), मग मोटर तपासा. मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट दिल्यावर ती फिरली, तर दोष टेम्परेचर स्विच, रिले किंवा वायरिंगमध्ये आहे. वॉटर पंपाखाली बारीक भोक असतं. तिथून वाळलेल्या कुलंटचा ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय.

पंप बदलायचा ठरला आणि तो टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) चालणारा असेल तर बेल्ट आणि टेन्शनर त्याच खेपेला बदला, मजुरी एकदाच लागते. टायमिंग बेल्टची मुदत गाडीप्रमाणे साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटर असते, पण वर्षांची मर्यादाही असते. शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडावं लागतं. बेल्टऐवजी चेन असलेल्या गाडीत सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड येते का, ते ऐका.

ऑइल बदलणं सगळ्यांना आठवतं, ऑइल किती पितं हे कुणी मोजत नाही. समतल जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक वरच्या खुणेपर्यंत भरा, ५०० किलोमीटर चालवा आणि पुन्हा बघा. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं, त्यावरून हिशेब निघतो. हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटर लागत असेल तर जुन्या इंजिनाला चालेल. त्याच ग्रेडचा डबा सोबत ठेवा आणि रोज बघा. ऑइलला दुधी रंग आलेला असेल किंवा कुलंटवर तेलाचा तवंग असेल तर मात्र प्रवास पुढे ढकला, हेडखालचं सील (हेड गॅसकेट) गेल्याचा संशय आहे.

ब्रेकमध्ये पॅडची जाडी सगळे पाहतात, ब्रेक ऑइलचं वय विसरतात. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ या प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, ओल धरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब घाट उतरताना तेल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. दोन वर्षं झाली असतील तर पूर्ण बदला. जुन्या गाडीत ब्लीडिंग (पेडल दाबून जुनं तेल आणि हवा बाहेर काढणं) करताना पेडल तळापर्यंत दाबायचं नाही, निम्म्यापर्यंतच दाबायचं, हे करणाऱ्याला आवर्जून सांगा. मास्टर सिलिंडरच्या (पेडलने तेलावर दाब देणारा भाग) पुढच्या भागात, जिथे सील एरवी पोचत नाही, तिथे गंज असतो आणि त्यावर घासून सील फाटतं. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडर गेलाय किंवा कुठेतरी गळती आहे. पॅड तीन मिलिमीटरच्या आसपास आले असतील तर प्रवासाआधीच बदला. चाकांपाशी असलेल्या रबरी ब्रेक नळ्या वाकवून भेगा पाहा. एखादी नळी आतून फुगली की ब्रेक सोडल्यावरही ते चाक जखडलेलं राहतं. कॅलिपरच्या (पॅड दाबणारा भाग) पिना अडकल्या तरी तसंच होतं. ओळखायचं कसं? वीस-एक किलोमीटर चालवून, शेवटी फारसा ब्रेक न मारता थांबा आणि चारही चाकांजवळ तळहात न्या, रिमला टेकवू नका. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर तिथे काम आहे.

टायरवर साइडवॉलला चार आकडे एका लंबगोल चौकटीत असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर खोबणी कितीही शाबूत दिसली तरी काढून टाकावा. खोबणी १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. पावसात जायचं असेल तर तीन मिलिमीटरच्या खाली निघू नका. हवा टायर थंड असताना भरा, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा दिलेला असतो तो भरा. कमी हवेत टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि वेगात फुटते.

स्टेपनीत हवा आहे का बघताना तिचीही तारीख वाचा. जुन्या गाडीत ती बहुतेकदा गाडीबरोबर आलेलीच असते. मग घरासमोर एक चाक प्रत्यक्ष बदलून बघा. गॅरेजमध्ये हवेच्या गनने आवळलेले नट गाडीतल्या छोट्या पान्याने सुटतच नाहीत असा अनुभव सर्रास येतो. सगळे नट एकदा सैल करून ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) पुन्हा आवळा, आणि साधारण ऐंशी किलोमीटरनंतर परत तपासा. जॅकच्या स्क्रूला ग्रीस लावा. व्हील लॉक असेल तर त्याची चावी कुठे आहे ते आजच शोधा.

बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा पाहा. स्टार्ट मारताना आकडा दहाच्या बराच खाली जात असेल तर बॅटरी थकली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसावेत, हेडलाइट, ब्लोअर, एसी लावूनही १३.५ च्या खाली येऊ नयेत, नाहीतर अल्टरनेटर दाखवा. बॅटरी चांगली असूनही स्टार्टर जड फिरत असेल तर संशय अर्थिंगच्या पट्टीवर घ्या. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून स्टार्ट मारायला सांगा, ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर ती जोडणी गंजली आहे. टर्मिनल साफ करताना मायनस आधी काढा, शेवटी लावा. फॅन बेल्ट उलटा करून भेगा पाहा. बदललात तर जुना चांगला असल्यास तोच डिकीत ठेवा.

गाडी वर घेतली की एकेक पुढचं चाक वर-खाली आणि मग डावी-उजवीकडे हलवा. वर-खाली खेळ (ढिलेपणा) म्हणजे बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, आडवा खेळ म्हणजे बहुधा टाय रॉड एंड. स्टँडशिवाय, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे असतील तर ॲक्सलचा बूट फाटला आहे. आवाज सुरू झाला नसेल तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं, वळताना कटकट येऊ लागली असेल तर जॉइंटच बदलावा लागतो. सायलेन्सरची रबरं बघा. क्लच तपासायला टॉप गिअरमध्ये साधारण पन्नासच्या वेगाला ॲक्सिलरेटर जोरात दाबा; इंजिनचा आवाज चढला आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच घसरतोय आणि भरल्या गाडीने चढ चढणार नाही.

इंधनाच्या बाबतीत एक नियम कडक पाळा: बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर कारण सापडेपर्यंत गाडी काढायची नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाने जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात. बदलताना फ्युएल होसच घ्या, पाण्याची नळी चालत नाही. फ्युएल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग मुदतीत नसतील तर नवे टाका. डिझेल गाडीत फिल्टरखालचं पाणी काढून टाका. टाकीत पंप असलेल्या गाडीत पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, पंप इंधनानेच थंड राहतो.

वायपर, हॉर्न, सगळे दिवे, काच धुण्याचं पाणी: पाच मिनिटांचं काम. हेडलाइटचा रोख मात्र डिकी भरल्यावर पाहा, मागून गाडी बसली की उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

सोबत न्यायचं सामान गाडी बघून ठरवा. ८ ते १७ मिलिमीटरचे पाने, दोन्ही स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, इन्सुलेशन टेप, केबल टाय, वायर, टेस्ट लॅम्प, डोक्याला लावायची बॅटरी, हातमोजे, जम्पर केबल, टो रोप, त्रिकोण, पंक्चर किट आणि छोटा कंप्रेसर. भागांमध्ये वरचा रेडिएटर होस, दोन-तीन क्लिपा, फॅन बेल्ट, १० ते ३० अँपिअरचे फ्यूज, एक रिले, बल्ब. क्लच आणि ॲक्सिलरेटर केबलवर असतील तर त्या केबलही. पाच लिटर पाणी, एक लिटर ऑइल, थोडा कुलंट. हे सगळं आणि जॅक बॅगांच्या खाली गाडू नका. जड सामान खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. छतावर फक्त हलकं. गाडीची आणि विम्याची कागदपत्रं हाताशी.

मग तीच भरलेली गाडी घेऊन दोनशे किलोमीटरची फेरी मारा, त्यात एक मोठा चढ आणि अर्धा तास खोळंबणारी गर्दी असू द्या. परत आल्यावर खाली कोरा पुठ्ठा टाकून रात्रभर उभी ठेवा. सकाळी डाग कुठे आणि कसला ते कळतं: काळा म्हणजे ऑइल, रंगीत आणि गोडसर वासाचा म्हणजे कुलंट, चाकाजवळ फिकट आणि तेलकट म्हणजे ब्रेक ऑइल. एसीचं स्वच्छ पाणी असेल तर सोडून द्या.

वाटेत रोज सकाळी, इंजिन थंड असताना, ऑइल, कुलंट आणि टायर बघूनच चावी लावा. चालवताना तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून सरकला तर लगेच एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल करा. त्याने थोडी उष्णता बाहेर निघते आणि बाजूला घ्यायला वेळ मिळतो. काटा लालकडे गेला की थांबून इंजिन बंद. झाकणाला किमान पाऊण तास हात लावू नका. नंतर जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, मग पूर्ण उघडा. गार पाणी एकदम ओतलं तर तापलेलं हेड तडकतं, म्हणून इंजिन चांगलं निवल्यावरच पाणी घाला, तेही थोडं थोडं. पातळी आल्यावर इंजिन चालू करून पाणी कुठून जातंय ते शोधा. गळती सापडली नाही आणि पातळी पुन्हा उतरत राहिली, तर तिथून पुढे गाडी टो करूनच न्यायची.