ती घरातून निघाली, आता पुढे काय लिहायचं?

नवऱ्याच्या छळातून बाहेर पडलेल्या बाईची गोष्ट लिहायची आहे असं म्हणणाऱ्या बऱ्याच मैत्रिणी भेटतात, आणि बहुतेकींचा पहिला ड्राफ्ट सारखाच असतो. थप्पड, रडणं, एक दिवस ती दार आपटून निघते, संपलं. मीही असंच लिहिलं होतं. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या शेजारी, ज्या स्वतः यातून गेल्यात, त्यांना वाचायला दिलं तर म्हणाल्या, "अगं दार आपटून कोण निघतं? मी कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ दिल्या, गॅस बंद केला, दुधाचे पैसे खिडकीत ठेवले आणि मग निघाले, म्हणजे रात्रीपर्यंत कोणाला संशय येणार नाही." त्या दिवशी मला कळलं की मी निघण्याचा आवाज लिहिला होता, निघणं लिहिलंच नव्हतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की गोष्ट दारापाशी संपवू नका, तिथून सुरू करा, किंवा अजून पुढे जा, तिसऱ्या महिन्यात. सुदामा नगरला एक भाड्याची खोली आहे, ती भाजी घ्यायला गेलीय आणि भाजीवाला विचारतोय काय देऊ, आणि तिला सांगताच येत नाहीये. अकरा वर्षं नवऱ्याला काय चालतं तेच घेतलं, गिलकी घरात आणायची नाही, वांग्यात बिया दिसल्या तर ताट भिरकावलं जायचं, आणि आता कोणी विचारतंय तुम्हाला काय हवं तर डोकं एकदम रिकामं. ती काहीच न घेता परत येते. हा सीन नीट लिहिला ना तर मारहाणीची चार पानं लिहायची गरज राहत नाही, वाचणाऱ्याला मागचं सगळं आपोआप दिसतं. पुन्हा उभं राहणं म्हणजे नुसती नोकरी आणि केस जिंकणं नाही, आपल्याला काय आवडतं हे परत आठवणं पण आहे, आणि गोष्टीचा खरा माल तिथे आहे. टीव्हीचा आवाज किती ठेवायचा, दिवा किती वाजता बंद करायचा, फोन वाजला की पोटात गोळा येणं कधी थांबलं. सकाळी कचरा गाडी गाणं वाजवत येते ती सगळ्या इंदूरला माहीत आहे, त्या घरात ते गाणं म्हणजे तो उठायची वेळ होती, नव्या खोलीत तेच गाणं ऐकून ती पहिले काही आठवडे दचकून उठते आणि एक दिवस झोपूनच राहते. असं लिहा.

आता तो. त्याला राक्षस करू नका, प्लीज. त्यानं मारलं ते कमी करून लिहा असं मी म्हणत नाहीये, पण वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की ती इतकी वर्षं का थांबली. ताण वाढत जातो, मग स्फोट होतो, मग माफी आणि लाड, आणि परत पहिल्यापासून, हे चक्र लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 मध्ये मांडलं होतं. प्रत्येक घरात ते असंच्या असं चालतं असं नाही, पण माफीचे दिवस लिहायला विसरूच नका. तोच माणूस दुसऱ्या दिवशी रात्री तिला सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला घेऊन जातो, स्वतःच्या हातानं त्यावर जीरावण मसाला भुरभुरतो, आणि ती खरंच खूश असते. ती खुशी खोटी नव्हती, म्हणून तर सोडणं इतकं अवघड होतं. ती एकदा निघून परत गेली असेल तर तेही लिहा, दोनदा गेली असेल तर दोनदा. खूप जणी जातात, आणि परत गेलेली बाई मूर्ख वाटली तर चूक आपल्या लिहिण्यात आहे.

आणि छळ म्हणजे फक्त हात उचलणं नाही हेही. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातच शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे प्रकार दिलेत. आर्थिक छळावर गोष्टींमध्ये फार कमी येतं, खरं तर सगळ्यात जास्त लिहिता येईल असं तेच आहे. एटीएम कार्ड त्याच्याकडे, चाळीस रुपयांच्या कोथिंबीर-मिरचीचा हिशेब वहीत, पगार झाला की रात्री ट्रान्सफर. मग तीच बाई दिवसा सराफ्यात जाते, जिथे रात्री तो तिला गराडू खायला न्यायचा त्याच गल्लीत, आणि आईनं दिलेल्या पाटल्या काट्यावर ठेवते. दिवसा सोन्याची दुकानं, रात्री खाण्याचे ठेले, इंदूरच्या माणसाला ही गल्ली वेगळी सांगावी लागत नाही, तुम्हाला फक्त तिला तिथे उभी करायचीय.

कायदा लिहिताना मात्र आळस नको. गोष्ट कुठल्या साली घडते ते आधी ठरवा, कारण 1 जुलै 2024 च्या आधीची घटना असेल तर वकील जुन्या भारतीय दंड संहितेचं, बायकोच्या छळाचं कलम 498अ म्हणेल आणि नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 85. 2005 च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज देता येतो, 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं त्यात लिहिलंय, पण तारखा लांबतात आणि ते लांबणं हाच तुमच्या गोष्टीचा मधला भाग आहे. घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहायचा हक्क तिला आहे, कोर्ट त्यालाच बाहेर व्हायला सांगू शकतं, म्हणजे प्रत्येक गोष्टीत तिनंच बॅग भरली पाहिजे असं नाही. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. 181 या महिला हेल्पलाइनला फोन लावता येतो. हे सगळं भाषण म्हणून टाकू नका हं, कोणीतरी कागदाच्या मागे नंबर लिहून देतं एवढं पुरतं.

आपल्या इथल्या, इंदूरच्या मराठी लिहिणाऱ्यांकडे एक गोष्ट आहे जी पुण्याच्या लेखिकेकडे नाही. आपली बाई घरात मराठीत मार खाते आणि पोलीस ठाण्यात हिंदीत तक्रार लिहिते. ती सांगते "घालून पाडून बोलतात, जीव नकोसा करून टाकतात", आणि समोरचा लिहितो "मानसिक प्रताड़ना". दोन शब्दांत अकरा वर्षं. ती कागद वाचते आणि तिला वाटतं हे माझं नाहीच, तरी सही करते. हा सीन मी अजून कुठे वाचलेला नाही, कोणीतरी लिहा.

आईला व्हिलन करू नका. "थोडं सहन कर, मुलांकडे बघ" म्हणणारी आई बहुतेकदा स्वतः सहन केलेली असते, एका वाक्यात ते येऊ द्या. घरमालकीण "मिस्टर काय करतात" विचारते तेव्हा ती काय उत्तर देते, दर वेळी वेगळं देते का, हे बघा. नवा पुरुष आणायचा तर आणा, पण तिला वाचवायला नको, आणि त्यानं चहाला बोलावलं तर तिला "आज नको" म्हणता आलं पाहिजे आणि त्यानं तोंड पाडता कामा नये, प्रेमाचा तेवढा एक सीन भरपूर आहे.

खऱ्या कोणाची हकीकत घेत असाल तर आधी तिला विचारा, लिहून झाल्यावर वाचायला द्या, आणि ती नको म्हणाली तर फाडून टाका. गल्ली, मुलांची शाळा, नोकरी, सगळं बदला. नुसतं नाव बदलून होत नाही, तो वाचेल आणि ओळखेल, आणि पत्ता शोधत येईल. ही भीती कल्पनेतली नाही.

शेवटी तपासायला मी एक करते, फार सोपं आहे. पेन्सिल घेऊन "तिला" आणि "तिनं" मोजते. तिला मारलं, तिला माहेरी पाठवलं, तिला समजावलं, सुरुवातीला असंच असणार, पण पुढे "तिनं" वाढत गेलं पाहिजे, तिनं खातं उघडलं, तिनं कुलूप बदललं. शेवटच्या पानावरही तिला कोणीतरी काहीतरी करतंच असेल तर परत लिहायला बसते. फक्त मोजताना जरा बघून, कारण "तिला गिलकी आवडते" यातही "तिला" आहे, आणि तो खोडायचा नाही.