गाडीच्या रिमोट किल्लीचा सेल केव्हा बदलावा

ग्वाल्हेरच्या जानेवारीत धुक्याच्या सकाळी रिमोटचे बटण दोन-तीनदा दाबावे लागले, की आपण थंडीला दोष देतो आणि दुपारी तोच रिमोट नीट चालला की विषय सोडून देतो. थंडीने सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते हे खरे. परंतु नवा सेल इथली थंडी सहज सोसतो, अडखळतो तो बहुधा उतरत आलेला. म्हणून ही अडखळ पहिली सूचना मानावी.

दुसरी सूचना अंतराची, आणि माझ्या मते तीच सर्वांत विश्वासाची. लिथियमचा चपटा सेल आपले ३ व्होल्ट आयुष्याचा बराच काळ जवळपास टिकवून धरतो आणि अखेरीस झपाट्याने खाली येतो, त्यामुळे सावध होण्यास वेळ थोडाच मिळतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या ओट्यावरून गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली गाडी उघडत असे. गेल्या हिवाळ्यात पार दाराच्या मुठीपाशी जावे लागू लागले, तेव्हा सेल काढून मल्टिमीटरवर पाहिला, तर २.७ व्होल्ट. नवा सेल ३.२ च्या आसपास दाखवतो. मात्र ही मोजणी सेलवर भार नसताना, म्हणजे तो काही काम करत नसताना होते, त्यामुळे आकडा बरा दिसला तरी अंतर घटले असल्यास सेल बदलावाच.

त्याआधी दुसरी किल्ली वापरून पाहावी. तीही चालत नसेल, तर दोष गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत असू शकतो.

इथल्या बाडा या बाजारचौकातला दुकानदार प्रथम ‘नंबर क्या है?’ असेच विचारतो, म्हणून जुना सेल सोबत न्यावा. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर व जाडी ३.२ मिलिमीटर, २०२५ तेवढ्याच व्यासाचा, पण २.५ मिलिमीटर जाड असल्याने २०३२च्या खाचेत सैल बसतो. अधिक चिन्हाची बाजू कोणीकडे होती, हे सेल उचकटण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

सेल वाटेतच संपला, तर बहुतेक रिमोटमध्ये दडवलेली धातूची किल्ली दार उघडते, आणि बटणाने सुरू होणाऱ्या बऱ्याच गाड्या रिमोट त्या बटणाला टेकवला की चालू होतात, कारण आतल्या ओळख-चिपला सेलची गरज नसते.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. गिळला गेल्यास अवघ्या दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.