रब्बी आणि वाळवंटातले अब्बा: सारख्या गोष्टी ताडून बघायच्या कशा

रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि अब्बा म्हणजे इथे वाळवंटातले ख्रिस्ती संन्यासी; या दोघांच्या गोष्टी ताडायच्या आहेत. आधीच सांगतो, दोन छान वाक्यं शेजारी ठेवून 'अरे सेम टू सेम!' करत नाचायचं नाही. मी सुरुवातीला तेच केलं, वहीभर जोड्या जमवल्या आणि मग निम्म्याहून जास्त खोडल्या.

वाचायला काय घ्यायचं? एका बाजूला पिर्के अवोत, म्हणजे इ.स. २०० च्या सुमारास संपादित झालेल्या मिश्नाचा (रब्बींच्या तोंडी नियमांच्या संग्रहाचा) भाग, आणि सोबत बॅबिलोनियन तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ. दुसऱ्या बाजूला चौथ्या-पाचव्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांची वचनं, अपोफ्थेग्माता पात्रुम. दोन्हीकडे साचा तोच, कुणीतरी गुरूला विचारतो, गुरू दोन वाक्यात उत्तर देतो, विषय संपला. 'अब्बा' (वडील) हा मूळ अरामी, म्हणजे पश्चिम आशियातल्या एका जुन्या भाषेतला शब्दसुद्धा दोन्हीकडे मानानं नावापुढे लागतो, मिश्नातले अब्बा शाऊल बघा.

आता पाण्याची जोडी घ्या. रब्बी अकिवा ४० वर्षांचे होईपर्यंत काही शिकलेले नव्हते, विहिरीवरचा दगड पाण्याने झिजलेला बघून म्हणाले, मऊ पाणी दगड झिजवतं तर तोराह (ज्यूंचं धर्मशास्त्र) माझ्या मनात का शिरणार नाही. तिकडे अब्बा पोयमेनही तेच म्हणतात, थेंब थेंब पडून दगडाला भोक पडतं तसं देवाचं वचन. भारी ना? पण थांबा, बायबलच्या ईयोबात १४:१९ ला हे पाणी-दगड आधीच आहे, आणि ते दोघांनीही वाचलेलं. म्हणजे एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं म्हणता येत नाही. प्रत्येक जोडी आधी बायबलमध्ये शोधायची, हे काम कंटाळवाणं आहे पण त्याला शॉर्टकट नाही.

मग गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचा खरा धागा कुठे? तर जो बारीक तपशील गोष्टीत नसता तरी चाललं असतं, त्याच्यात. तालमूदमधला एलाझार बेन दुर्दया वेश्यांच्या नादाला लागलेला, एकीसाठी सात नद्या ओलांडून गेलेला, शेवटी गुडघ्यात डोकं घालून रडत रडत मरतो आणि आकाशवाणी होते की याला पुढच्या जगात जागा आहे. ते ऐकून रब्बी यहूदा हनासी रडतात आणि म्हणतात, ही जागा मिळवायला कुणाला वर्षानुवर्षं लागतात आणि कुणी एका तासात मिळवतो. स्केटिसच्या (इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांच्या वस्तीच्या) गोष्टीत पाएसिया नावाची वेश्या धंदा सोडून अब्बा योहानच्या मागे वाळवंटात जाते, रात्री झोपेतच मरते, आणि आवाज येतो की तिचा एक तासाचा पश्चात्ताप वर्षानुवर्षं करणाऱ्यांच्यापेक्षा मोठा. मरण, आवाज, 'एक तास', वर्षं घालवलेल्यांना टोमणा, एवढं सगळं एकत्र जुळलं की कान टवकारायचे.

आणि लगेच फरक लिहायचे. एलाझार डोंगरांना, सूर्य-चंद्राला माझ्यासाठी दया मागा म्हणतो, कुणी ऐकत नाही, तो एकटाच. पाएसियाला शोधत योहान स्वतः जातो, वाळूची उशीही तोच करून देतो.

मग प्रवासाचा रस्ता बघा: संन्याशांची ही वचनं सिरियाक भाषेत गेली, सिरियाक म्हणजे अरामीच, आणि बॅबिलोनियातले रब्बीही अरामीच बोलायचे, म्हणजे गोष्ट इकडून तिकडे जायला भाषेची आडकाठी नव्हती.

पुढची जोडी तुम्ही करा, तालमूदमधले रब्बी रेश लाकिश आणि वाळवंटातले अब्बा मोशे, दोघेही आधीचे दरोडेखोर. जुना धंदा परत कुठे डोकावतो तेवढं बघा: एकाला सुरी-तलवारीच्या धार्मिक शुद्धतेच्या वादात त्यावरून टोमणा बसतो, दुसरा हल्लेखोर आले तरी पळत नाही, तलवार धरणारे तलवारीनेच मरतात असं म्हणून तिथेच मारला जातो.