पातेरा जाळू नका, कच्चा पुरूही नका: कोकणात खत करताना या चुका टाळा

माती पोसायला लागणारं जवळजवळ सगळं आपल्या वाडीतच पडलेलं असतं: पातेरा (गळलेला सुका पाला), पेंढा, काजूची बोंडं, झावळ्या, नारळाची सोडणं, गोठ्यातलं शेण. तरी खताचे ट्रक घाटावरून मागवले जातात, कारण घरचं खत नीट होत नाही असा अनेकांचा अनुभव असतो. ते बिघडतं बहुतेक वेळा आपल्या पावसामुळे. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या पाण्यात चुना आणि पालाश (पोटॅश) धुऊन जातात, जांभ्याची माती आम्लधर्मी होते आणि तिच्यातलं लोह स्फुरद (फॉस्फरस) अडकवून ठेवतं. अशा मातीला सेंद्रिय खताची गरज सर्वांत जास्त.

राब भाजणं, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळणं. तरव्याची (रोपांची) जागा भाजली की तण कमी होतं आणि रोपं सहज उपटता येतात. म्हणून ही पद्धत टिकली, आणि ती कारणं खरी आहेत. पण जाळल्यावर पाल्यातलं नत्र (नायट्रोजन) जवळपास सगळं हवेत जातं. उरलेल्या राखेतला पालाश पहिल्या मोठ्या सरींत वाहून जायला वेळ लागत नाही. गादीवाफे (उंच वाफे) करून त्यात चांगलं कुजलेलं खत मिसळलं, तर रोपं तशीच मोकळ्या मातीतून निघतात. तण मात्र हातानं काढावं लागतं.

कच्चा पेंढा किंवा सुका पातेरा मातीत गाडणं. पेंढ्यात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र थोडं. कुजवणारे जिवाणू नत्राची तूट मातीतून भरून काढतात आणि रोप पिवळं पडतं. मग युरिया टाकला जातो, मूळ कारण तसंच राहतं. आंब्याचं पान तर जाड आणि मेणचट, महिनोन्‌महिने तसंच. आधी तोडून बारीक करा आणि थरांमध्ये गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) हिरवा पाला व शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) घाला. बांधावर गिरिपुष्प लावलेलं असेल तर नत्राची सोय घरचीच झाली.

पावसाळ्यात खड्डा. माझ्या मते सर्वाधिक खत इथेच वाया जातं. खड्ड्यात पाणी साचलं की हवा संपते, खत काळं, चिकट आणि आंबट वासाचं होतं. पावसाळ्यात खड्डा नकोच. मांगराच्या (वाडीतल्या खोपीच्या) आडोशाला उंचवट्यावर ढीग करा, खाली झावळ्यांचा जाड थर, वर ताडपत्री. आगोटीच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या) आधी ढीग लागला पाहिजे, पाऊस सुरू झाल्यावर सुका पातेरा मिळत नाही.

ढीग बिघडलाच तर लक्षणं बघा. कुजका वास म्हणजे ओल जास्त: उलथून सुका पाला मिसळा. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे शेण किंवा हिरवा पाला जास्त, उपाय तोच. ढीग थंड आणि मुंग्या झालेल्या, तर तो कोरडा आहे. मूठभर माल पिळल्यावर एखाद-दोन थेंब आले तर ओल बरोबर. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, कुजणं सुरू आहे.

काजूची बोंडं थेट गांडुळांना देणं. बोंडं आंबतात, आंबट रसात गांडुळं मरतात किंवा पळतात. ती आधी सुक्या पाल्यात मिसळून कुजवा, तापलेला ढीग निवला की मग गांडुळं सोडा. चुना घालायचाच असेल तर शेणाबरोबर एकाच वेळी घालू नका, नत्र उडून जातं. मासळीची कुटी ढिगाच्या मधोमध, वर जाड पाला घालून ठेवा, नाहीतर रात्री कुत्री ढीग उकरतात.

सोडणं जाळण्यापेक्षा माडाच्या आळ्यात पुरा, खोलगट बाजू वर ठेवून. त्यांत पाणी धरलं जातं आणि उन्हाळ्यात माडाला ते मिळत राहतं.

तयार खत गडद, भुसभुशीत असतं, त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. पान ओळखू येत असेल तर थांबा. घालताना आंब्याच्या खोडाला टेकवू नका, फांद्यांच्या घेराखाली पसरा आणि वर पातेऱ्याचं आच्छादन घाला.