ओव्हरक्लॉक केलेला नवा पीसी बूट होत नाहीये? उघडायला बसण्याआधी हे जवळ घ्या

नवा पीसी जोडला, हौसेने ओव्हरक्लॉक मारला (म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवला) आणि आता बटण दाबलं की पंखे गरागरा फिरतायत पण स्क्रीन काळी ती काळीच. अशा वेळी लगेच रॅम उपसायला बसू नका, आधी सामान गोळा करा. दुसरा एखादा चालू लॅपटॉप किंवा निदान फोन, मदरबोर्डच्या नेमक्या मॉडेलचं मॅन्युअल, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, बोर्डावर असतो तसला एक सीआर२०३२ सेल आणि थर्मल पेस्ट, कारण कूलर एकदा काढला की जुनी पेस्ट पुसून नवीन लावावीच लागते. कागद-पेनपण घ्या, हसू नका, कुठल्या बदलानंतर काय झालं ते अर्ध्या तासानी काहीच आठवत नाही.

मग गाडी नेमकी कुठे अडते ते बघा. पंखाच फिरत नाही, पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, आणि बायोस (बोर्डाचं स्वतःचं सेटिंग्जचं सॉफ्टवेअर) दिसतं पण विंडोज येत नाही, हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि लोक तिन्हीला एकच औषध देत बसतात. बहुतेक नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (ड्राइव्ह) असे चार छोटे एलईडी असतात, चालू करताना ते एकेक पेटून विझतात, जो पेटून राहतो तिथून शोध सुरू करा. बोर्डावर एलईडी नसतील तर छोटा बीप स्पीकर मिळतो तो लावा आणि बीप मोजा.

आता मुख्य काम, ओव्हरक्लॉक पूर्ण काढून टाका. इथे हमखास गल्लत होते, 'मी सीपीयूला हातच लावला नाही, फक्त एक्सएमपी ऑन केलंय' असं म्हणतात, अहो पण एक्सएमपी काय किंवा एक्स्पो काय (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार प्रोफाइल), ओव्हरक्लॉकच आहे तो. ६००० लिहिलेली डीडीआर५ किट प्रोफाइल बंद असताना बहुधा ४८०० किंवा ५६०० ला १.१ व्होल्टवर चालते, बॉक्सवरचा आकडा रॅमवाल्यांनी टेस्ट केलेला असतो, तुमच्या सीपीयूतला मेमरी कंट्रोलर तो झेपवेलच असं नाही, आणि चार स्टिक लावल्या असतील तर अजूनच अवघड. बायोसमध्ये शिरता येत असेल तर आधी सगळ्या पानांचे फोटो काढा आणि मग डिफॉल्ट लोड करा. शिरताच येत नसेल तर सीमॉस क्लिअर, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग्ज पुसणं: पॉवर सप्लायचा मागचा स्विच बंद, वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो, मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक दहाएक सेकंद टेकवून ठेवा. पिना सापडत नसतील तर सेल काढून पाच-दहा मिनिटं थांबा.

यानंतर पीसी चालू केला की घाई नको. डीडीआर५ वर, खास करून एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर, पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग होतं (बोर्ड रॅमशी ताळमेळ जुळवतो) आणि त्यात स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, मध्येच स्वतःहून रिस्टार्टही होतं. लोक वैतागून बटण दाबून बंद करतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. चहा घ्या तोवर.

तरीही काही नाही? मग वायरी. सीपीयूची वेगळी आठ पिनची वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लागते, ती विसरली की पंखे फिरतात पण पुढे काही होत नाही. ती चार-चार अशी तुटते आणि ग्राफिक्स कार्डाची सहा-दोन अशी, दोन्ही आठ पिनच्याच पण एकमेकींच्या जागी चालत नाहीत, कनेक्टर जात नसेल तर जोर लावू नका. मॉड्युलर पॉवर सप्लायला दुसऱ्या सप्लायच्या वायरी तर अजिबात नको, सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि ड्राइव्ह जळतात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे ना तेही बघा. इंटेलच्या एफ वाल्या सीपीयूत ग्राफिक्स नसतंच, बोर्डाच्या एचडीएमआयमधून काय दिसणार.

रॅम एकच स्टिक ठेवा, साधारणपणे सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, पण मॅन्युअल म्हणेल तेच खरं. दोन्ही टोकांना खट्ट आवाज यायला हवा, नुसती बसल्यासारखी दिसते आणि एका बाजूनी मिलिमीटरभर वर असते. त्यानेही नाही झालं तर बोर्ड केसमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, फक्त सीपीयू, कूलर, एक स्टिक, गरज असेल तर कार्ड, आणि पॉवर स्विचच्या दोन पिना क्षणभर टेकवून चालू करा. इथे चाललं तर दोष केसमध्ये, बहुधा नको तिथे लागलेला स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खांब). सीपीयू बोर्डापेक्षा नवीन असेल तर बायोस जुनं असण्याची शक्यताही धरा, त्यासाठीच तो पेनड्राइव्ह, बोर्डाला फ्लॅशबॅकचं बटण असेल तर सीपीयू न ओळखताही बायोस अपडेट होतं.

बायोस दिसतंय पण विंडोज नाही, तर सीमॉस क्लिअर केल्याने बूट ऑर्डर, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) आणि रेड किंवा एएचसीआय (ड्राइव्ह चालवण्याचे मोड) हे सगळं डिफॉल्टला गेलंय ते तपासा. जुन्या पीसीतली एसएसडी लावली असेल तर ती एमबीआर (डिस्कची जुन्या पद्धतीची विभागणी) निघू शकते, आणि सीएसएम बंद असताना तिच्यावरचं विंडोज बूट होत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच दुसरीकडे लिहून ठेवा, बायोस रिसेट किंवा अपडेट झाल्यावर ती मागितली जाऊ शकते.

सगळं स्टॉकवर (मूळ वेगावर) नीट चाललं की मेमटेस्टचा (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) किमान एक पूर्ण राउंड काढा, मगच एक्सएमपी ऑन, परत मेमटेस्ट, आणि सीपीयूचा मल्टिप्लायर (त्याचा वेग ठरवणारा आकडा) सगळ्यात शेवटी, एकावेळी एकच बदल करून. रॅम अनस्टेबल असताना विंडोज इन्स्टॉल केलं असेल तर ते पुसून परत टाका, करप्ट फायलींमुळे पुढे येणाऱ्या निळ्या स्क्रीन तुम्ही उगाच ड्रायव्हरच्या नावावर खपवाल.