भरतीच्या मुलांची नडगीदुखी: आरोग्य केंद्रातून अभ्यास कसा करावा

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि त्यासाठी विदर्भातल्या गावोगावी तरुण पहाटेच डांबरी रस्त्यावर सरावाला उतरतात. त्यांतल्या काहींची नडगी दुखू लागते, ते प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावतात. या दुखण्याचा अभ्यास तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याला करता येतो आणि तो व्हायला हवा. मात्र नुसत्या केसपेपरांवर तो उभा राहत नाही.

केसपेपरावर फक्त दुखणारे दिसतात. दहा जणांची नडगी दुखत असेल, तर ते वीस धावणाऱ्यांपैकी दहा आहेत की शंभरांपैकी, यावर सगळा निष्कर्ष अवलंबून असतो. म्हणून पहिले काम मैदानावरचे: सराव करणाऱ्या प्रत्येकाची, दुखत असो वा नसो, सुरुवातीलाच नोंद करावी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतील नवजात बालकांवरचा, १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास इतका मोलाचा ठरला, याचे एक मोठे कारण हेच की त्यात गावात घरी जन्मलेली बाळेही मोजली गेली.

नाव नोंदवण्याआधी मान्यता घ्यावी. केंद्राची स्वतःची नैतिकता समिती (सहभागींच्या हिताच्या दृष्टीने संशोधन तपासणारी समिती) नसल्यास जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे प्रस्ताव पाठवावा. संमतीपत्र मराठीत असावे, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती व मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्यावेत. व्यायाम किंवा बुटांसारखा एखादा उपाय तपासायचा असेल, तर पहिला सहभागी घेण्यापूर्वीच भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत (सीटीआरआय, म्हणजे उपचारांच्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही) अभ्यासाची नोंद करावी.

त्यानंतर ‘नडगीदुखी’ म्हणजे काय, हे लिहून ठेवावे आणि प्रत्येकाला त्याच पद्धतीने तपासावे. नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्याकडून वर बोटाने दाबत जावे. किमान पाच सेंटिमीटर पट्ट्यात दुखत असेल, तर हाडाच्या कडेवरील ताणाची शक्यता अधिक. एकाच ठिकाणी बोट ठेवताच रुग्ण कळवळत असेल, तर ताणामुळे हाडाला तडा गेल्याचा संशय धरावा, त्याचे धावणे थांबवावे आणि पुढील तपासणीसाठी पाठवावे. अशा वेळी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, म्हणून त्यावर निश्चिंत होऊ नये.

दर आठवड्याला किती किलोमीटर धावणे झाले, रस्ता डांबरी होता की मातीचा, पायात काय होते आणि दुखण्यामुळे किती दिवस सराव बुडाला, एवढेच विचारावे. लांबलचक प्रश्नावली दुसऱ्या आठवड्यानंतर कोणी भरत नाही.

सर्वांत कठीण भाग पाठपुराव्याचा. पेरणी सुरू झाली किंवा कापूस वेचणीला आला की अर्धी मुले मैदानावरून गायब होतात, आणि ‘आला नाही’ एवढीच नोंद राहिली तर शेतात गेलेला आणि पाय दुखतो म्हणून थांबलेला यांत फरक उरत नाही. दुखणे असलेलेच गळून गेले, तर दुखण्याचे प्रमाण खऱ्यापेक्षा कमी दिसेल. म्हणून दोन आठवडे न दिसणाऱ्याला फोन करावा, फोन लागला नाही तर आशाताईंकडून घरी निरोप धाडावा, आणि न येण्याचे कारण त्याच दिवशी वहीत लिहावे.